दारं काढलेलं कपाट

पोलिक्सेनी भारी टापटिपीची बाई. तिच्या घरात चमचासुद्धा वाकडा पडलेला दिसत नसे. आणि त्याच घरात आता एक खोली अशी होती, की आत पाय ठेवायची सोय नव्हती. मोजे, खडू, एका पायाची बाहुली, पांघरुणं, सगळं जमिनीवर. मधोमध एव्हांथिया खुशाल मांडी ठोकून बसलेली.

एव्हांथिया पाच वर्षांची. उन्हाळा सरता सरता ती अनाथालयातून या घरी आली होती. पोलिक्सेनी आणि स्तेर्गिओस यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, की गावातल्या बायकांनी 'काही गोड बातमी?' विचारायचंही सोडून दिलं होतं. पोर आल्यापासून पोलिक्सेनी देवापुढे दिवा लावताना काही मागायचं विसरूनच गेली होती, नुसते आभार मानायची. कागदोपत्री मुलगी त्यांची झाली होती. पण पोर अजून पाहुण्यासारखी वागायची, पाणीसुद्धा विचारून प्यायची. ही कधी आपली म्हणेल का आपल्याला, याच एका काळजीने पोलिक्सेनीचा जीव खाली-वर व्हायचा.

उद्या फोताचा, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. आज गावचे पाद्री पापा-लांबिस पवित्र पाणी आणि सब्ज्याची जुडी घेऊन घरोघर फिरणार होते, खोली-खोलीत शिंपडणार होते.

"काय गं, हा पसारा कुणी केला?"

"मी नाही. कालिकांजारांनी."

नाताळात जमिनीखालून वर येणारी ही काळी, शेपटीवाली भुतं फोतापर्यंत घराघरात उच्छाद मांडतात. पापा-लांबिसांचं पाणी पडलं, की चंबूगबाळं आवरून पळतात.

"अस्सं! आणि त्यांना तुझेच मोजे बरे सापडले?"

"त्यांना थंडी वाजते मावशी."

पोलिक्सेनीने हसू दाबलं. "मग उचल बघू सगळं. पाणी मोज्यांवर पडलं तर खाली लपलेले कोरडेच राहतील. वर्षभर ठाण मांडून बसतील मेले!"

हे मात्र पोरीला पटलं. तिने लगबगीने दोन्ही हातांत मावेल तेवढं गोळा केलं. पोलिक्सेनीने कपाट उघडलं, तशी पोर जागीच थांबली.

"ठेव की आत."

"नको."

"का गं?"

"कपाटात ठेवलं की जातं."

"कुठे जातं?"

"अनाथालयात असंच व्हायचं. दार लावलं की जायचं. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर दिसायचं."

पोलिक्सेनी कपाटाच्या दाराकडे बघू लागली. इतके दिवस ती समजत होती, पोरीला वळण नाही. पोर तर बिचारी आपल्या चार चिजांवर पहारा देत होती.

"स्तेर्गिओस! पेचकस घेऊन ये!"

"काय मोडलं?" नवरा धावत आला.

"कपाटाची दारं काढ."

"डोकं फिरलंय का तुझं? आईचं अक्रोडाचं कपाट आहे ते! आणि पापा शेजारच्या घरात पोचलेत."

"म्हणूनच म्हणते, हात चालव."

बायकोच्या या सुरापुढे शहाण्याने वाद घालू नये, हे स्तेर्गिओस लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. त्याने दारं उतरवली आणि कुरकुरत परसात नेऊन ठेवली.

"आता बघ," पोलिक्सेनी म्हणाली, "पलंगावर पडल्या पडल्या सगळं दिसेल."

पोरीने एक मोजा कपाटात ठेवला. पलंगावर जाऊन आडवी झाली. बघितलं. मोजा तिथेच होता. मग दुसरा ठेवला, पुन्हा आडवी. मग बाहुली. आणि मग तिला असा काही चेव आला, की पोलिक्सेनीला नुसतं बघत उभं राहावं लागलं.

पापा-लांबिस आत आले ते हसतच. "काय रे, दारं कुणी पळवली?"

"कालिकांजारांनी," स्तेर्गिओस तोंड पाडून म्हणाला.

पापांनी चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. एव्हांथियाने वाकून पलंगाखाली पाहिलं आणि "गेले," असं जाहीर केलं.

"छान. आता या घरातल्या माणसांची नावं सांग. प्रार्थनेत घ्यायची आहेत."

पोलिक्सेनी तोंड उघडणार होती, पण पापांनी पोरीलाच विचारलं होतं.

"स्तेर्गिओस," एव्हांथियाने सुरुवात केली. "पोलिक्सेनी." मग गप्प.

पापा वाट पाहत होते. शेवटी पापांनी जुडी पाण्यात बुडवली. "झाली का सगळी?"

"थांबा ना!" पोरगी ओरडली. "मी राहिले की!"

देवा, तुझे उपकार कसे फेडू, असं म्हणत पोलिक्सेनीने तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. पापांनी तिघांची नावं मोठ्याने घेतली.