पुण्यात वाट चुकलेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे आणि मला रस्त्यांची भीती वाटते. मित्रांनो, हसू नका. त्याला कारण आहे.

माझा जन्म मुरबाड तालुक्यातला, धसईच्या पुढच्या डोंगरातल्या एका वाडीतला. गोमाने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बांबू तोडून आणला, त्याच्या कामट्या काढल्या आणि ओटीवर बसून मला विणलं. त्याच्या बायकोने, सावळीने, मला आतून शेणाने सारवलं.

"टोपली वाकडी झाली गो," गोमा म्हणाला.

"इणणाराच वाकडा, टोपलीचा काय दोष?" सावळी म्हणाली.

माझं काम एकच होतं, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी सांभाळायचं. सावळी दर वर्षी भरलेली कणसं निवडायची, बी राखेत घोळवायची आणि माझ्यात भरायची. पेरणीच्या आधी वाडीतल्या बायका यायच्या आणि ओंजळभर बी घेऊन जायच्या. माझंही कौतुक करायच्या. पुढे दुकानातलं बी आलं आणि त्या यायच्या थांबल्या. सावळी थांबली नाही. तिच्या माहेरची एक रीत ती पाळायची. बी घराबाहेर निघालं की दुसऱ्याच्या हाती पडेपर्यंत टोपली जमिनीवर टेकवायची नाही.

मागच्या दिवाळीनंतर गावोगावचं जुनं बियाणं जमवणाऱ्या पुण्याच्या पौर्णिमाबाई वाडीवर आल्या. त्यांनी सावळीला वैशाखातल्या बियाण्यांच्या मेळाव्याला बोलावलं. गावोगावच्या बायका तिथे येणार होत्या आणि त्यांना हे बी हवं होतं. सावळी हो म्हणाली. पौषात ती तापाने गेली.

त्यानंतर चार महिने मी माळ्यावर पडून होते. गोमा माझ्याकडे बघत नसे. उंदरांनी माझा काठ कुरतडला. मग एका सकाळी त्याने मला खाली काढलं. "तिनं शबुद दिलाय, जायाला पायजे," असं तो शेजारणीला म्हणाला. ते बी वाडीत दुसऱ्या कोणाकडेच उरलं नव्हतं. होतं तेवढं माझ्या पोटात होतं.

मुरबाडहून आम्ही पुण्याची एसटी धरली. सगळा माळशेज घाट मी गोमाच्या मांडीवर होते. एका वळणावर शेजारच्याची लोखंडी पेटी माझ्यावर घसरली आणि कुरतडलेला काठ खालपर्यंत उसवला. बी झिरपू लागलं. गोमाने एक तळवा भोकावर दाबला आणि दुसरा हात माझ्याखाली घातला. तेव्हापासून त्याचे दोन्ही हात अडकले.

पुण्यात एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बरेच लोक उठले. धसईला सगळे उठले की तेच शेवटचं गाव असतं. गोमाही त्यांच्या मागोमाग उतरला. गाडी निघून गेली. फोनवर ठरल्याप्रमाणे पौर्णिमाबाई पुढे स्टँडवर वाट बघत होत्या, पण त्या स्टँडचं नाव गोमाला आठवेना आणि आम्ही भलत्याच रस्त्यावर उभे होतो. चार वाजता मेळावा संपून बायका आपापल्या गाड्यांना जाणार होत्या. तीन वाजायला आले होते.

गोमाने हाक मारून एक रिक्षा थांबवली. "पौर्णिमाबाईंच्या मेळाव्याला जायाचं हाय."

"कोण पौर्णिमाबाई?"

"बियावाल्या. उंच हायेत. चष्मा लावत्यात."

"काका, इथं शंभर पौर्णिमाबाई असतील. पत्ता सांगा. आणि ती टोपली खाली ठेवून बसा."

"खाली नाय ठेवायची रे."

"का, सोनं आहे का आत?" असं म्हणून रिक्षावाला हसला आणि निघून गेला.

आमच्याकडे नाव सांगितलं की लहान पोरही घर दाखवतं. गोमाने आणखी चौघांना तेच विचारलं. चौघेही मान हलवून पुढे गेले. त्याच्या खिशात फोन वाजत होता. तो घ्यायचा तर एक हात सोडावा लागणार आणि हात सोडला तर मी फाटणार. फोन वाजून वाजून थांबायचा आणि पुन्हा वाजायचा. गाड्या अंगाला घासून जात होत्या. गोमाचा घाम माझ्यावर गळत होता आणि गाडी चुकवायला तो मागे सरला की चार दाणे डांबरावर पडत होते. मला वाटलं, सावळीचं सगळं बी या रस्त्यावर चाकांखाली जाणार.

फुटपाथवर एक बाई कोथिंबीर विकत होती. तिचं नाव कमळ, हे मला नंतर कळलं. ती ओरडली, "ओ बाबा, फोन वाजतोय! बहिरे आहात का?"

"हात मोकळा नाय."

"मग ठेवा की ते खाली!"

"बायकोची रीत हाय. बी खाली टेकवायचं नाय."

"बायको कुठंय?"

"गेली. पौषात."

कमळ उठली. तिने हात पुसले, पदर पसरला आणि म्हणाली, "आणा इकडं."

गोमा हलला नाही. मीही घाबरले. अनोळखी बाई, अनोळखी शहर. ती मला घेऊन चालती झाली तर? फोन पुन्हा वाजला. गोमाने डोळे मिटले आणि मला तिच्या पदरात दिलं. तिने माझं भोक पोटाशी दाबून धरलं.

"बाबा, कुठे आहात? मी दहा वेळा फोन केला!" फोनमधून पौर्णिमाबाईंचा आवाज आला.

"म्हाईत नाय गो बाय," गोमा म्हणाला. कमळने त्याला फोन तिच्या कानाशी धरायला लावला आणि जागा समजावून सांगितली. पौर्णिमाबाई स्कूटर घेऊन येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. तिची गिऱ्हाइकं खोळंबली होती. "थांबा जरा, हात भरलेत माझे," असं ती त्यांना सांगत होती.

पुन्हा गोमाच्या हातांत बसून मी स्कूटरवरून मेळाव्यात पोचले तेव्हा बायका पिशव्या उचलत होत्या. एकीने विचारलं, "कुणाचं बी हे?"

"सावळीचं," गोमा म्हणाला. ती गेल्यापासून तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पदर पुढे केले.

मित्रांनो, तुमच्या गावात कधी बाहेरचा माणूस येईल. तो चुकीच्या जागी उतरलेला असेल, घाबरलेला असेल, त्याला पत्ताही नीट सांगता येणार नाही. त्याला हसू नका. रस्ता नंतर दाखवा. आधी त्याच्या हातातलं ओझं थोडा वेळ धरा.