शेवटचा पाव फेरा

नळाचं काम मी चाळीस वर्षं केलं. माझा एकही जोड कधी गळला नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला, म्हणून सांगतो. जोड हाताने बसवला की पान्याने आणखी पाव फेरा द्यायचा, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. दुसऱ्याने बसवलेला जोडही मी आवळल्याशिवाय सोडत नसे. मुलगी दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. तिने लावलेला प्रत्येक नळ मी तिच्यादेखत पुन्हा आवळायचो. एक दिवस तिने पाना खाली ठेवला, म्हणाली, "मग मी कशाला हवी?" आणि कचेरीत नोकरीला लागली.

आता तिला दुर्बिणीचं वेड. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बुध सूर्यासमोरून जायला सुरुवात करणार होता. पुन्हा हे दिसायला बरीच वर्षं, आणि तोवर माझे डोळे टिकतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. आताही दुर्बिणीला डोळा लावला तर मला नुसता धुरकट गोळा दिसतो. म्हणून तिने कॅमेरा जोडून बुध मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. रजा काढली होती तिने. माझ्यासाठी.

दहाला गच्चीवर मांडामांड झाली. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीची काळी काच चढली. पडद्यावर मात्र सगळं पिठूळ.

"मधली नळी काढायला हवी," ती म्हणाली. "तिच्यामुळे कॅमेरा लांब पडतोय."

कॅमेऱ्याची रिंग त्या नळीवर आट्यांनी बसते. तिने कॅमेरा उतरवला, रिंग आणि नळी हातात घेतली आणि फिरवू लागली. हलेना.

"काल दोन बोटांनी तर बसवली होती. माझंच काहीतरी चुकलं."

तिच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. झालं नाही ते माझ्याच्याने.

"तुझं नाही चुकलं," मी म्हणालो. "तू खाली गेलीस तेव्हा मी जरा आवळली."

"का?"

"सैल वाटली."

"बाबा, त्यातून पाणी जायचंय का?"

मी पेटीतून पाना काढला, तर तिने तो ओढूनच घेतला. "पातळ आहे ती नळी. चेपली तर संपलंच." मग दोघांनी हातांनी जोर लावला. फ्रीजमध्ये ठेवू या का, असं विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही एकाच धातूच्या. दोन्ही सारख्याच आकसतील." साडेदहा वाजले. माझा पारा चढला. हिला सोडवली नाही तर मी नावाचा प्लंबर नाही, असं मनाशी म्हटलं आणि रिंग मुठीत आणखी करकचून धरली. ती आणखीच रुतली.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पातळ नळी जोरात धरली की किंचित लंबगोल होते आणि आटे एकमेकांना धरून बसतात. शिकाऊ पोरांना मीच हे सांगत आलोय.

"आपणच हिला आवळतोय," मी म्हणालो. "बाजूने धरायचंच नाही."

वॉशर कापायचं रबर पेटीत होतं. एक तुकडा टेबलावर अंथरला, त्यावर रिंग पालथी ठेवली. दुसरा तुकडा नळीच्या वरच्या तोंडावर ठेवून त्यावर तळहात टेकवला. मुलीने टेबल धरलं. वरून दाबायचं आणि फिरवायचं, हिसका न देता. पहिल्यांदा हात घसरला. दुसऱ्यांदा खांद्यातून कळ आली. तिसऱ्यांदा मी दात खाऊन, पण सावकाश, जोर वाढवत गेलो. कट्!

"सुटली!" ती ओरडली. अकराला चार मिनिटं कमी होती.

मी नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप काढली. मुलगी म्हणाली, "आता इथे काय गळणार आहे?"

"गळू नये म्हणून नाही. उद्या सुटावी म्हणून."

"एकच फेरा हं."

नळी बाजूला ठेवून दुर्बिणीच्या आट्यांवर टेपचा एकच फेरा गुंडाळला. तिने रिंगवर कॅमेरा चढवला आणि सगळंच माझ्या हातात दिलं. "तुम्ही लावा."

मी दोन बोटांनी फिरवत गेलो. रिंग टेकली. तो पाव फेरा मनगटात तयारच होता. बोटं काढून घेताना मला अक्षरशः घाम फुटला.

"झालं," मी म्हणालो.

वाटलं, आता ती एकदा तरी चाचपून बघेल. मी असतो तर बघितलं असतं. तिने रिंगला हातही लावला नाही. सरळ पडद्याकडे वळली.

अकरा दहाला सूर्याच्या काठावर काळा ठिपका उमटला. तिळाएवढा.

"दिसतोय, बाबा?"

"दिसतोय," मी म्हणालो. "तुझे सगळे जोड चांगले होते गं. एकही आवळायची गरज नव्हती."

"माहीत होतं मला," ती म्हणाली आणि माझी खुर्ची पडद्याजवळ सरकवली.