दोन परसांचं खुरपं

मी एक खुरपं बोलतोय. पातं गंजलंय, मूठ खिळखिळी झालीय, पण जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचं नाही.

जऊळक्याच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव तोडून मला घडवलं. म्हातारे मालक होते तोवर एकच घर, एकच परस होतं. ते गेले आणि तिसाच्या साली भावांची वाटणी झाली. थोरल्या मारोतरावाला गोठा आणि बैल मिळाले, धाकट्या शालिग्रामला पडकी बाजू. परसाच्या मधोमध तुराट्यांचं कुंपण आलं. पंचांनी सूपसुद्धा वाटलं, मला मात्र विसरले. मग मला त्या कुंपणातच खोचून ठेवायचे. जिला लागेल ती जाऊ उपसून घ्यायची.

त्यामुळे दोन्हीकडची माती मला आतून ठाऊक. थोरली सोजरबाई गोठ्यातलं ताजं शेण पाट्या भरभरून वांग्यांना घालायची. त्या कच्च्या शेणात हुमणी पोसायची. पांढरी, जाड, वळलेली अळी, मुळंच कुरतडणारी. काल डोलणारं झाड आज मान टाकायचं. धाकट्या रंगूबाईकडे गुरंच नव्हती. ती चुलीची राख टाकायची, उन्हाळ्यात माती उकरून तापू द्यायची. साळुंक्या येऊन किडे टिपायच्या. तिची वांगी टोपली भरभरून निघत. गरिबीनं तिच्यावर केलेला हा एकच उपकार, तोही तिला भोवला.

एकदा तिनं माझ्या पात्यावर हुमणी घेऊन जावेला दाखवली.

"जाऊबाई, हे कच्च्या शेणातली हुमणी हाये. शेण कुजू द्या, मंग टाका."

"माह्या बैलाइचं शेण वाईट, अन् तुह्या चुलीची राख चांगली? मले शिकवू नोको."

पुढच्या आठवड्यात सोजरबाईनं करणी शोधून काढणारा बाहेरगावचा एक जाणता आणला. त्यानं परसात फेरी मारली आणि सांगितलं, इथं काहीतरी पुरलंय. उकरायला त्यानं मलाच घेतलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं माझं झालं. पातं खुपसताच दहा-बारा हुमण्या वर आल्या. मला वाटलं, चला, खरं बाहेर आलं एकदाचं. त्यानं त्या पळसाच्या पानावर मांडल्या.

"हे पाहा पुरलेले किडे. जिचं परस हिरवं, तिचंच काम."

सारं गाव मान डोलावत होतं. तेव्हा मला माणसांची किळस आली, हुमणीची कधी आली नव्हती.

रंगूबाईच्या लेकीची, चंदाची, सोयरीक रिसोडला ठरली होती. कुंकू लावून झालं होतं. बाजाराच्या दिवशी बातमी तिथं गेली आणि पाठोपाठ निरोप आला, "करणीवालीची पोरगी आमाले नाही पायजे." शालिग्राम रिसोडला जाऊन हात जोडून आला, काही उपयोग झाला नाही. रंगूबाईनं नवं लुगडं पेटीत ठेवलं आणि मला घेऊन निंदायला बसली.

पुढच्या पावसाळ्यात चंदा वांग्यांच्या बुडाशी उकरत होती. माझ्या टोकाला एक हुमणी लागली. शेजारून सरकत आली असावी. वर्षभरात पोरगी पहिल्यांदा हसली.

"माय, आपल्या इकडंबी निंगाली. आता तं मोठ्या मायले पटन."

किडा तळहातावर घेऊन ती तशीच चुलतीकडे गेली. सोजरबाईनं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "केलेलं उलटते, बाई."

त्या दिवसापासून मला कुणी हात लावत नाही. थोरलीच्या लेखी मी भारलेला, धाकटीच्या लेखी अपशकुनी. थोरलीकडची वांगी अजून दरसाल वाळतात आणि शेण अजून कच्चंच पडतं. झाड वाळलं तर आधी मुळाशी पाहा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण त्यांनी मुळाशीच तर पाहिलं होतं.

चंदा आता पंचविशी ओलांडून गेलीय. ती नुसत्या हातानं निंदते. हुमणी निघाली की आधी इकडेतिकडे पाहते, चिरडते आणि कुणी बघायच्या आत वरून माती लोटते.