सलाम शिकवणारी काशम्मा

"आत्ती, यंदा तुझं पद नको!" असं म्हणत राजशेखरनं कार्यक्रमपत्रिकेवरची ओळ खोडली.

सोलापुरातल्या त्या कॉलनीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, की राजशेखरची आत्या काशम्मा, म्हणजे त्याची आत्ती, कानडी पद म्हणायची. वीस वर्षांचा रिवाज! पण यंदा राजशेखर कॉलनीचा सचिव झालेला, आणि पाहुणे म्हणून यायचे होते त्याच्याच ऑफिसातले दिल्लीकडचे मोठे साहेब. ऑफिसात त्याला 'कानडी अप्पा' म्हणून चिडवत. साहेबांसमोर पुन्हा तेच नको, हे त्याच्या मनात.

"राष्ट्रीय कार्यक्रम आहे की. घरची भाषा घरात."

"बरं बाबा," आत्ती म्हणाली, आणि पदांची वही तिनं देव्हाऱ्याखाली सारली.

झेंडा फडकला. मंद्रूपचे जोतीरामबुवा कीर्तनाला उभे राहिले. बुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगावं! टाळ-मृदंगाचा गजर असा चढला, की कॉलनीच्या भिंती डोलायच्या बाकी राहिल्या. आणि ऐन रंगात बुवांनी हात वर केला. सगळं गप्प!

"मंडळी, झेंड्याला सलाम करायला तुमाला पयल्यांदा कुणी शिकवलं? आन् कुटल्या बोलीत?"

"माझ्या वडलांनी, तेलुगूत! हातमागावर बसल्या बसल्या!" बायकांतून विणकरांच्या घरची सावित्रम्मा ओरडली.

"आमच्या मायनं, धनगरी बोलीत, मेंढरामागं जाताना," मृदंगावरचा मायाप्पा हसला. "दोन चापट्या बी दिल्या!"

"सचिवसाहेब, तुमाला?"

राजशेखर उठला. "शाळेत..." म्हणाला आणि अडखळला. शाळा तर नंतरची! त्याआधी आई गेलेली, तो चार वर्षांचा, आत्तीच्या कडेवर. मैदानात झेंडा वर चढतोय, आणि आत्ती त्याचा इवला हात धरून कपाळाला लावतेय. "इदु नम्मदु, मगा." हे आपलं आहे, लेकरा! तेव्हा त्याला ना मराठी येत होती, ना हिंदी. देश त्याला कानडीतच भेटला होता!

धावतच तो शेवटच्या रांगेत गेला.

"आत्ती, ऊठ. पद म्हण!"

"साहेब हसतील की रे."

"हसू देत! मी टाळ धरतो."

"वही घरी हाय..."

"तुला वही कशाला लागते गं!"

आत्ती उभी राहिली. पहिली ओळ कापऱ्या आवाजात, दुसरी खणखणीत! मायाप्पानं थाप मारली, राजशेखरचा टाळ दोनदा चुकला, आणि पहिल्या रांगेत साहेबांचा पाय ठेका धरू लागला.

पद संपलं तेव्हा बुवांनी आत्तीच्या पायावर डोकं ठेवलं. "माउली, आजचं कीर्तन तुमी केलं!"

बंधुभगिनींनो, आपल्याला देशाची पहिली ओळख करून देते ती आपल्या घरची बोली. तिला दाराबाहेर बसवून देशाची पूजा पुरी कशी होईल? पुढच्या सव्वीस जानेवारीला तुमच्या घरातल्या काशम्माला आधी पुढं बोलवा!