व्हर्लिनची बोटं

व्हर्लिन स्टेनरुडच्या बोटांवर टॉरस्टाड कंपनीचा जेवढा विश्वास होता, तेवढा कारखान्यातल्या एकाही यंत्रावर नव्हता. एकतीस हिवाळे तो कंपनीच्या नव्या स्नोमोबील, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्या, चालवून बघत आला होता. कच्ची गाडी तयार झाली की पहिल्यांदा त्याच्याकडे यायची. तो तळ्याला एक वळसा घालून यायचा, हेल्मेट काढायचा आणि म्हणायचा, "उजव्या स्कीचा बोल्ट सैल आहे," नाहीतर "पट्टा अर्धा इंच ढिला सोडलाय." खोलून बघावं तर नेमकं तेच निघायचं. लुंडबी गावात लोक कौतुकाने सांगायचे, व्हर्लिनच्या हातात हँडल दिलं की गाडी त्याला आपली सगळी दुखणी सांगते.

चार वर्षांपूर्वी ती बोटं पांढरी पडायला लागली. आधी करंगळ्या, मग बाकीची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, इतकी वर्षं थरथरतं हँडल आवळून धरल्याने नसा मेल्या आहेत, त्या आता परत येणार नाहीत. ही गोष्ट बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. आर्लिस रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. पुढे त्याने बटणांचे शर्टच सोडून दिले. गाडीविषयी तो आता कानाने ऐकून, बुडाला बसणाऱ्या धक्क्यांवरून आणि निव्वळ अंदाजाने बोलायचा. चार वर्षं ते निभावून गेलं. एकदाही चूक उघडी पडली नाही, म्हणून चूक होतच नाही असं त्याने स्वतःला पटवून दिलं होतं.

त्यातच बर्फाने दगा दिला. लागोपाठ तीन हिवाळे मिनेसोटाच्या उत्तर टोकालासुद्धा डिसेंबरात गवत दिसत होतं. तळ्यावरच्या पातळ बर्फावर मासेमारीच्या खोपट्या न्यायची हिंमत कोणी करेना. गाड्या दुकानांतून धूळ खात पडल्या. टॉरस्टाडने एक पाळी बंद केली, मग दुसरीही. आणि ऑक्टोबरात एके दिवशी कारखान्याच्या उपाहारगृहात सगळ्यांना बोलावून साहेबांनी सांगितलं, की यापुढे टॉरस्टाड आणि ब्लूजे मिळून एक गाडी काढणार.

विस्कॉन्सिनची ब्लूजे म्हणजे दोन पिढ्यांचं वैर. व्हर्लिनच्या चुलत्याने मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाची निळी ब्लूजे चर्चच्या आवारातून हलवल्याशिवाय पाऊल आत टाकलं नव्हतं. पण आता सांगाडा टॉरस्टाडचा, इंजिन आणि स्टिअरिंग ब्लूजेचं, आणि जोडणी लुंडबीत. दोन्ही कंपन्यांच्या चाचणी-स्वारांनी मिळून पंधराशे मैल चालवून फेब्रुवारीअखेर सही केली, तर गाडी पुढच्या हिवाळ्यात बाजारात येणार होती. नाहीतर कारखान्याला कुलूप. आर्लिस तिथेच गाड्यांच्या गाद्या शिवायची. दोनशे चाळीस माणसांपैकी निम्म्यांना व्हर्लिन नावाने हाक मारत असे.

ब्लूजेकडून आली ती रेने कोस्टेलनिक. चाळिशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ.

"तूच का तो जादूच्या बोटांचा म्हातारा?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"आणि तूच का ती, जिने मागच्या वर्षी ब्लूजे झाडावर चढवली?"

"झाडच मध्ये आलं. टॉरस्टाडवाल्यांनी लावलं असणार."

व्हर्लिनला ती आवडली. खरं तर आवडू नये असं त्याने ठरवलं होतं. उत्तर सीमेलगतच्या पट्ट्यात थोडाफार बर्फ टिकून होता, तिथे रोज पहाटे गाड्या ट्रेलरवर घालून न्यायच्या आणि उजेड असेपर्यंत जंगलातल्या वाटांवर पळवायच्या. दोन गाड्या होत्या, एक त्याची, एक तिची. दुपारी दोघं एका ओंडक्यावर बसून आर्लिसने दिलेलं हरणाचं सॉसेज आणि पाव खायचे. आर्लिसच्या सॉसेजसाठी आपण कंपनी बदलायला तयार आहोत, असं रेने म्हणायची. गाडीही झकास होती. वळणावर हलकी, चढावर धापा न टाकणारी. एकतीस वर्षांत अशी गाडी आपण चालवली नाही, हे व्हर्लिनने मनातल्या मनात कबूल केलं होतं.

अकराशे मैल झाले त्या दिवशी संध्याकाळी रेने गाडीवरून उतरली आणि हातमोजे काढून तळवे बघत उभी राहिली.

"वेग पंचेचाळीसच्या पुढे गेला की हँडलमध्ये काहीतरी होतंय," ती म्हणाली. "बारीक थरथर. डाव्या बाजूने येते. तुला लागली का?"

"वाट खडबडीत आहे."

"वाटेची थरथर मला कळते, व्हर्लिन. ही आतली आहे. खाली दांड्याला."

इंजिनियर कर्टिस जवळच उभा होता. तिशीचा पोरगेलासा माणूस, त्याने हातातली वही उघडली. "खोलायचं म्हटलं तर गाडी कारखान्यात न्यावी लागेल. दहा दिवस तरी जातील. तोवर बर्फ राहणार नाही," तो म्हणाला आणि व्हर्लिनकडे वळला. "तुम्ही सांगा. तुमच्या हाताला काही जाणवलं?"

व्हर्लिनच्या हाताला त्या दिवशी काहीच जाणवलं नव्हतं. गरम हँडलची ऊबसुद्धा नाही. इथे खरं सांगितलं तर आजची गाडी थांबणार होती, आणि मागच्या चार वर्षांच्या सह्यांचंही उत्तर द्यावं लागणार होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "लोण्यासारखी चालतेय."

रेनेने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "एकतीस वर्षांचा अनुभव तुझा," ती म्हणाली. "असेल माझाच भ्रम." पण तिच्या आवाजावरून तिला ते पटलेलं नव्हतं.

कर्टिसने वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.

जेवताना त्याने आर्लिसला सगळं सांगितलं. तिने ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचं भांडं मध्ये ठेवलं आणि ती वाढायचंच विसरली.

"तुला जाणवलं नाही, की तुला जाणवणारच नव्हतं?"

"तेच ते."

"तेच ते नाही, व्हर्लिन."

"मग काय करू? कुलूप घालू कारखान्याला? तू जाशील कुठे? मुरियल, बर्निस, तुझ्या खात्यातल्या सगळ्याजणी..."

आर्लिसने एक चमचा हॉटडिश त्याला वाढलं, एक स्वतःला, आणि दोघं जेवले. पुढे कित्येक महिने त्याला वाटत राहिलं, त्या वेळी तिने एकदाच 'सांगून टाक' म्हणायला हवं होतं. आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःची शिसारी यायची, कारण तिनेच का म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी रेने म्हणाली, "गाड्या बदलू. माझ्यात आहे ते तुझ्यातही आहे का, बघते."

तिला नाही म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. तो तिच्या गाडीवर बसला, ती त्याच्या. जुन्या रेल्वेमार्गावरच्या सरळ वाटेवर ती पुढे निघाली. साधारण मैलभर गेल्यावर तिने डावा हात वर केला. थांबूया, अशी खूण होती ती. हात खाली येऊन हँडलला लागतोय तोच गाडीचं तोंड एकदम डावीकडे फिरलं. व्हर्लिनने तिला दुसऱ्या बाजूला वाकताना पाहिलं, सगळं अंग टाकून. गाडी ऐकत नव्हती. वाट सोडून ती टॅमरॅकच्या झाडांत शिरली.

तो पोचला तेव्हा इंजिन बंद पडलं होतं. रेने एका बुंध्याशी कमरेतून विचित्र पिळवटून पडली होती, पण शुद्धीवर होती.

"हँडल हातातच फिरलं," ती म्हणाली. "खाली काही जोडलेलंच नव्हतं."

"बोलू नकोस. हेलिकॉप्टर मागवतो."

"व्हर्लिन, माझे पाय सरळ आहेत ना?"

त्याने पाहिलं. पाय सरळ होते. बुटावर बर्फ साचला होता, तो त्याने झटकला आणि मग घोटा हातात धरला.

"मी धरलाय. कळतंय?"

"कुठे?"

तिला काही कळत नव्हतं, आणि आपण किती घट्ट धरलाय ते त्यालाही कळत नव्हतं. मदत यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ रेने तिच्या कुत्र्याविषयी बोलत होती. शेजारीण त्याला फार खायला घालते, म्हणाली.

गाडी खोलल्यावर दिसलं, टॉरस्टाडचा सांगाडा आणि ब्लूजेचा स्टिअरिंगचा दांडा जिथे एकमेकांना जोडले होते तिथला वेल्डिंगचा सांधा तडकत तडकत शेवटी पार तुटला होता. तडा जुना होता, कडांना गंज धरलेला. म्हणजे निदान आठवडाभर व्हर्लिन त्याच तड्यावर स्वार होता. दुसऱ्या गाडीतही तसाच तडा सापडला, अजून अर्धवट.

चौकशीला दोन्ही कंपन्यांचे वकील आले. ब्लूजेवाले म्हणाले, जोडणी लुंडबीतली. टॉरस्टाडवाले म्हणाले, दांडा विस्कॉन्सिनचा. चार महिन्यांपूर्वी हात हातात घेऊन फोटो काढून घेतलेली माणसं एकमेकांकडे न बघता बोलत होती. मग व्हर्लिनला विचारलं.

"माझी बोटं चार वर्षांपासून मेलेली आहेत," तो म्हणाला. "मला हँडलमधलं काही कळत नाही. तिने सांगितलं होतं, मी नाही म्हणालो."

आता मोठं काहीतरी होईल, कोणीतरी ओरडेल, असं त्याला वाटलं. पण ब्लूजेच्या वकिलाने फक्त चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं, लिहून घेण्यासाठी. मार्चमध्ये भागीदारी मोडली. त्याने सही केलेल्या चार वर्षांच्या सगळ्या गाड्या कंपनीने तपासणीसाठी परत मागवल्या. जूनमध्ये कारखान्याला कुलूप लागलं. ज्या दारासाठी तो खोटं बोलला होता, ते त्याच्याच खोट्याने बंद झालं. शेवटच्या दिवशी आर्लिस आपली शिवणाची कात्री पिशवीत घालून बाहेर आली, तेव्हा मुरियल आणि बर्निस तिच्यासाठी थांबल्या नव्हत्या.

जुलैत तो दुलुथच्या पुनर्वसन रुग्णालयात गेला. त्याआधी दोनदा तो निम्म्या रस्त्यातून परतला होता. रेने खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. केस कापले होते, दंड आधीपेक्षा जाड झाले होते.

"ये," ती म्हणाली. "सॉसेज आणलंस?"

त्याने पिशवी पुढे केली. ती तिने मांडीवर ठेवली, उघडली नाही. कुत्रा कसा आहे, त्याने विचारलं. शेजारणीकडेच राहील आता, ती म्हणाली. माझ्या घराला पायऱ्या आहेत, सात. बाहेर तळं दिसत होतं. ऊन फार होतं.

"मी एक वाक्य घोकून आणलंय," व्हर्लिन म्हणाला. "पण ते..."

"नको. माफीबिफी नको. मी एकच विचारते, त्याचं खरं उत्तर दे. त्या संध्याकाळी मी थरथर म्हणाले, तेव्हा तुला काय वाटलं? बाईचा भ्रम आहे, असं?"

हो म्हणणं सोपं होतं. मूर्ख, हटवादी म्हातारा म्हणून तिने त्याला एखादे दिवशी सोडूनही दिलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीत होतं, तू म्हणतेस ते खरं आहे."

रेनेने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी नाही, नुसती. मग तिने दोन्ही चाकं धरली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. जागा अरुंद होती, खुर्ची पलंगाला अडकली. तो मदतीला उठला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

तीन-चार वेळा मागेपुढे करून तिने ती सोडवली आणि त्याच्याकडे पाठ केली. व्हर्लिन तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने परिचारिका आली, भेटीची वेळ संपली म्हणाली, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरून उभी राहिली.