शनिवारी दोनच्या आत

मी काचेची एक बाटली बोलतेय. फुटक्या काचा भट्टीत वितळवून मला घडवलं. पहिलं वर्ष दवाखान्यात गेलं, पोटात खोकल्याचं औषध बाळगून. रिकामी झाल्यावर तिथल्या नर्सबाईंनी मला उकळून घरी नेलं. रिकाम्या बाटलीत लोक तेल भरतात, रोप लावतात. बाईंनी माझ्यात ओढ्याचं पाणी भरलं.

त्यांच्या गल्लीतल्या मुलांच्या अंगावर चट्टे उठत होते. विहीर ओढ्याकाठची, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना. बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. घरोघरी पाणी गाळायला, उकळायला शिकवलं. दर रविवारी शेजारणींना घेऊन ओढ्याचा काठ साफ केला. कारखान्याने त्यांना हातमोजे दिले आणि वर फोटोही काढून घेतले! चट्टे मात्र हटेनात. उकळून जंतू मरतात, रंग कुठे मरतो?

मग मला पिशवीत घालून बाई सरकारी कचेरीत गेल्या. साहेबांनी मला उजेडात धरलं.

"बाई, नमुना आम्ही घ्यायचा असतो. तोही पंधरा दिवस आधी नोटीस देऊन. नियम आहे. आणि खरं सांगू? प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरुवात करावी."

"घरापासून केली, साहेब. तीन वर्षं झाली. आता तुमच्यापासून होऊ द्या."

नोटीस गेली, साहेब आले. त्या दिवशी ओढा आरशासारखा स्वच्छ!

बाईंचा धाकटा दीर त्याच कारखान्यात कामाला. जेवताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, नोटीस आली की सांडपाण्याची झडप बंद करतात. एरवी दर गुरुवारी चारला उघडतात. पण माझं नाव घेऊ नका. कारखाना बंद पडला तर आम्ही खायचं काय?"

बाईंचा घास हातातच राहिला. "बंद कशाला पाडायचाय? पाणी साफ करून सोडा म्हणावं, एवढंच."

परवा गुरुवारी बाई साहेबांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. पाणी जांभळं वाहत होतं. येताना त्यांनी बाटली आणलीच नव्हती. मग बाईंच्या पिशवीतून काढून त्यांनी मलाच तीनदा खळबळून भरलं, सील लावलं, सही केली.

"नोटिशीशिवाय घेतलाय," ते पुटपुटले. "वर मान्य होईल का, देव जाणे."

आता मी प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. दोन दिवसांत तपासलं नाही तर नमुना बिघडतो. माझ्याभोवतीच्या बर्फाचं केव्हाच पाणी झालंय. कारकून म्हणतो, "वरून परवानगीची सही आली की उघडू." बाई बाहेर बाकावर बसल्यात. दिराला सकाळी कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं, असं त्या फोनवर कुणालातरी सांगत होत्या.

आज शनिवार. अकरा वाजून गेलेत, दोनला इथे कुलूप लागेल. एका बाईला जेवढं करता येतं तेवढं त्यांनी केलं. पुढचं फक्त एका सहीचं काम आहे.

कुणीतरी माझं बूच काढा हो. वेळ टळल्यावर हे पाणी काहीही सांगेल, आणि तेच खरं म्हणून कागदावर उतरेल.