गायब होणारा आरएनए

थोरल्या जावेचा संशय धाकटीवर होता. दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. ज्याच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही, असा एक लांबलचक आरएनए पेशीत किती वेळ टिकतो, हे थोरली मोजत होती. एरवी तो दहा तास टिके. पण पेशीतलं एक प्रथिन काढून टाकलं, की तासाभरात नाहीसा होई. असं तीनदा झालं. आरएनए खाणारं द्रव्य माणसाच्या हातावरही असतं, आणि या पेशींच्या नळ्या धाकटीच भरायची. 'बाईसाहेब हातमोज्यांशिवाय काम उरकत असणार,' असं थोरलीच्या मनानं घेतलं.

चौथ्या वेळी तिनं दाराला कडी लावून सगळं स्वतःच्या हातानं केलं. आरएनए पुन्हा गायब! मग तिनं त्याच नळ्यांतले बाकीचे आरएनए तपासले. ते सगळे धडधाकट होते. हाताची घाण असती, तर तिनं या एकट्यालाच कशाला खाल्लं असतं? काढून टाकलेलं प्रथिनच त्याला सांभाळत होतं. ते गेल्यावर पेशी स्वतःच त्याला मोडीत काढत होती.

खाली मान घालून ती धाकटीकडे गेली. "मी तुझ्यावर शंका घेतली गं."

"कडी वाजली तेव्हाच कळलं, ताई," धाकटी म्हणाली. "बाकीचे आरएनए शाबूत आहेत, हे मी दुसऱ्याच खेपेला पाहिलं होतं. पण तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलं होतं."

थोरलीनं शेजारची खुर्ची ओढली. "बस. पहिल्यापासून सांग."